भिमीच्या तळ्यावरची तेवीस शांत बदकं

३ डिसेंबर २०२४, टोकावडे

निवृत्त होऊन सात महिने झाले. शहापूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि आता घराच्या भूगोलात मला कुठंच जागा नाही. स्वयंपाकघरात गेलो की संजीवनी म्हणते, "अहो, बाहेर बसा ना जरा." बाहेर बसलो की म्हणते, "नेमके दारातच काय बसता?"

आज मात्र देशाला माझी गरज पडली. भिमीचं तळं बुजवून तिथं गोदाम उभं राहणार, अशी नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली आहे. कागदोपत्री तळ्याची जागा म्हणजे पड जमीन. हिवाळ्यात तिथं पाणपक्षी उतरतात असं कुणी आकड्यांसकट दाखवलं, तर वनविभाग पाहणी करील आणि भराव थांबू शकेल. सभेत प्रश्न निघाला, पक्षी मोजणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. गावात बिनकामाचा मी एकटाच. मी हात वर केला. जन्मभर पोरांना हात वर करायला लावलं, ती खोड मलाच लागली आहे.

लेकीनं, मितालीनं, वाढदिवसाला दिलेली दुर्बीण खोक्यातून काढली. वहीला कव्हर घातलं. वहीवर नाव, विषय, इयत्ता लिहिताना "इयत्ता"पाशी थांबलो.

५ डिसेंबर

पहिली मोजणी यशस्वी. सकाळी साडेसातला तळ्यावर. तपकिरी, गोल अंगाची तेवीस बदकं. पाऊण तास पाहत होतो, एकही जागचं हललं नाही. वहीत नोंद केली : "स्वभाव अत्यंत शांत. मनुष्यास भीत नाहीत. बहुधा परदेशी." आणखीही काही पक्षी होते, पण ते सारखे हलत होते, म्हणून मोजता आले नाहीत.

काठावर ठाकूरवाडीतला एक म्हातारा बसला होता. धाऊ त्याचं नाव, सत्तरीचा असेल. माझ्याकडं बराच वेळ पाहून त्यानं विचारलं, "गुरुजी, काय बगता?"

"बदकं मोजतोय."

"किती झाली?"

"तेवीस."

"बराबर हाय," तो म्हणाला. "तेवीसच हायत."

पहिल्याच दिवशी स्थानिक माणसाकडून पडताळणी झाली. संजीवनीला सांगितलं. ती म्हणाली, "जेवायला बसा."

६ डिसेंबर

ती मडकी आहेत.

फोटो काढायला जरा जवळ गेलो, तर एका बदकाला काठ दिसला, आणि दुसऱ्याच्या पाठीला तडा. तेवीस पालथी मडकी, एकेक दोरीनं तळाच्या दगडाला बांधलेली. वहीतलं पान फाडणार होतो, पण नोंद खोडायची नाही असं मीच पोरांना शिकवलंय. पान ठेवलं.

धाऊदादा तिथंच बसलेला. मी जरा चिडून विचारलं, "मग काल बरोबर आहे असं का म्हणालात?"

"मीच सोडल्यात. तेवीसच हायत."

मग त्यानं सगळं सांगितलं. दिवाळी झाली की मडकी पाण्यावर सोडायची. पाखरं आधी बिचकतात, मग त्यांना सवय होते, मग त्यांच्यावर बसतातसुद्धा. महिन्याभरानं एक मडकं डोक्यावर घालून, दोन भोकांतून बघत, गळ्याइतक्या पाण्यात शिरायचं. वारा मडक्याला ढकलील त्याच चालीनं जायचं. बदकाजवळ पोचलं की पाण्याखालून पाय धरायचे. शेजारच्या बदकाला पत्तासुद्धा लागत नाही.

"पाय हातात आलं की कळतं," तो म्हणाला. "कवळं आसंल त सोडून द्याचं. जोडीतलं आसंल तरी सोडायचं. एका फेरीला दोन, जास्ती नाय."

शिकार हा गुन्हा आहे हे मी त्याला समजावून सांगितलं. कलमासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठावं हाय."

१३ डिसेंबर

आठवडाभर धाऊदादाच्या हाताखाली शिकतोय. अडई, हळदी-कुंकू, थापट्या, चांदवा, ही चारही पाणपाखरं आता ओळखतो. म्हणजे तो नाव सांगतो आणि मी ओळखतो. बदकं उडाल्यावर मोजायची नाहीत, उतरताना मोजायची, आणि एक-एक नाही तर विसा-विसानं. मी आज सात विसा मोजले. तो म्हणाला, तेरा आहेत. मी वहीत तेरा लिहिले.

दुपारी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको जनीबाई तांदूळ निवडत होती. त्यानं छपरातून कळकाच्या काठ्या ओढून काढल्या, एका हिवाळ्याची एक काठी. एका बाजूच्या खाचा म्हणजे किती पाखरं आली, वीस पाखरांना एक खाच. दुसऱ्या बाजूला किती धरली, पाखराला एक खाच. एक्केचाळीस काठ्या! कुठल्या वर्षी थंडी उशिरा पडली, कुठल्या वर्षी तळं लवकर आटलं, सगळं त्याला काठी हातात घेतली की आठवतं. आली ती खाचांची बाजू कधी दाट, कधी विरळ. धरली ती बाजू प्रत्येक काठीवर साधारण सारखीच.

एकतीस वर्षं मी पोरांना पर्जन्यमानाचे तक्ते पाठ करायला लावले, आणि खरा तक्ता इथं छपरात धुरानं काळा होत होता.

"हे सगळं आपण अर्जात घालू," मी म्हणालो.

जनीबाईनं निवडणं थांबवून धाऊदादाकडं पाहिलं. एवढा मान मिळेल असं बिचारीला वाटलं नसावं.

१९ डिसेंबर

आज धाऊदादानं हंगामातली पहिली अडई धरली. मी काठावर बसून पाहिलं. खरं तर पाहिलं नाही, कारण तेवीस आणि त्याच्या डोक्यावरचं एक, अशा चोवीस मडक्यांतलं कुठलं चालतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी ज्याच्यावर दुर्बीण रोखून बसलो होतो, ते नुसतं मडकंच होतं.

पहिल्या पाखराची वाडीत रीत आहे. त्या दिवशी एकच चूल पेटते. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, सावळीआजीला, पहिला रस्सा. मग प्रत्येक घराला घासभर. एका अडईचे सतरा वाटे होतात. ज्यानं धरली त्यानं सगळ्यांच्या मागून खायचं.

मलाही वाटा दिला. मी म्हणालो, मी निरीक्षक आहे, मला खाता येणार नाही. जनीबाई म्हणाली, "गुरुजी, थंड व्हतंय." खाल्लं. दुसऱ्यांदा रस्सा मागितला. वहीत या बाबतीत काही लिहिलेलं नाही.

येताना जनीबाईला विचारलं, एवढ्याशा शिकारीनं काय होतं? ती म्हणाली, "भात हाय, गुरुजी. वैशाखापोतर पुरतं. पन भातासंगं काय? पोरांच्या तोंडात आठवड्यातून येकदा मटान पडतं ते ह्याच दोन मयन्यांत."

२४ डिसेंबर

अर्ज पूर्ण. चार पानं, माझं सर्वोत्तम अक्षर. आकडे, तक्ता, आलेख. शेवटी संदर्भ, कारण संदर्भाशिवाय आकड्याला किंमत नसते, हे मी दहावीच्या पोरांना किती वेळा सांगितलंय. लिहिलं : "सदर माहिती ठाकूरवाडी येथील अनुभवी शिकारी श्री. धाऊ यांच्या एक्केचाळीस वर्षांच्या शिकारीच्या नोंदींवर आधारित आहे."

वाडीत जाऊन अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. धाऊदादानं विचारलं, "शिकारी लिवलंच पायजे का?"

मी संदर्भाचं महत्त्व सांगितलं. पाच-सात मिनिटं लागली.

"आन् मंग तळं ऱ्हाईल?"

"शंभर टक्के."

त्यानं अंगठा दिला. अंगठा जरा थरथरत होता. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या कागदावर उमटवत असेल.

मुरबाडला जाऊन अर्ज दिला. आवक क्रमांक, शिक्का, पोच. येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. दिवस सोन्याचा.

२६ डिसेंबर

संजीवनीनं आज अर्जाची प्रत वाचली. इतके दिवस मी वाच म्हणत होतो, ती भाजी निवडून होऊ दे म्हणत होती. चौथ्या पानावर थांबली. चष्मा काढला.

"अहो, हा अर्ज आहे की त्या म्हाताऱ्याचा कबुलीजबाब?"

मी म्हणालो, संदर्भ आहे.

"एक्केचाळीस वर्षं शिकार केली, असं त्याच्या नावागावासकट सरकारला लिहून दिलंत. वर त्याचा अंगठा घेतलात. पोलिसांना जे जमलं नसतं ते तुम्ही सुंदर अक्षरात केलंत."

गुन्हा आहे म्हणून त्याला कलम ऐकवणारा मी, आणि पुराव्याची चार पानं जोडणारा मीच. जेवलो नाही. संजीवनीनं आग्रहही केला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

३० डिसेंबर

अर्ज परत मागायला मुरबाडला गेलो. कारकून माझाच जुना विद्यार्थी निघाला. मला आशा वाटली. तो म्हणाला, "सर, अर्ज त्याच दिवशी वर पाठवला. तुमचा म्हणून मुद्दाम लवकर पाठवला." वर्गात हा कधी एक गोष्ट वेळेवर करत नव्हता.

३ जानेवारी

चार दिवस तळ्याकडं फिरकलो नव्हतो. आज धाऊदादाला सांगितलं. पोरांना नापास झाल्याचं सांगताना मला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

तो तळ्याकडं बघत होता. म्हणाला, "मला म्हाईत व्हतं, गुरुजी."

"काय माहीत होतं?"

"तुमी वाचलाव तवाच. धरून नेतील त नेतील. तळं गेलं त मी काय मडकी डांबरी रोडवर तरंगवू?"

तरीही अंगठा दिला, आणि मी थरथरणाऱ्या अंगठ्याला मानाची भीती समजलो. माझी मलाच लाज वाटली. ठरवलं, काहीही झालं तरी याला हातकडी पडू द्यायची नाही. कसं, ते सुचत नाही. भूगोलात असे प्रसंग येत नाहीत.

१६ जानेवारी

सर्दी भरून आली आहे, तरी आज सगळं लिहायलाच हवं.

वनविभागाच्या मॅडम दहा वाजता आल्या, सोबत एक वनरक्षक. गाव काठावर जमलेलं. मॅडमनी अर्ज काढला. "फार सुरेख लिहिलाय," म्हणाल्या. मी आभार मानणार होतो, एवढ्यात त्यांनी चौथं पान उलटलं. "यातले धाऊ कोण?"

मी तीन दिवस आरशासमोर तयारी केली होती. पुढं झालो. "मॅडम, ते नाव चुकून पडलं. शिकारी मी आहे."

संजीवनीनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा पायजमा, मफलर, चष्मा, चपलांत मोजे.

"एक्केचाळीस वर्षं?"

"हो."

"तुमचं वय?"

"अठ्ठावन्न." मग हिशेब लक्षात आला. "लवकर सुरुवात केली."

"कशी करता शिकार?"

मी धडा शिकवावा तसं मडक्याचं तंत्र घडाघडा सांगितलं. पोरं असती तर टिपून घेतलं असतं. मॅडम म्हणाल्या, "दाखवा."

आता माघार नव्हती. मोजे काढले. काठावरचं एक मडकं डोक्यावर घातलं आणि पाण्यात शिरलो. आत मिट्ट काळोख. पाणी इतकं गार की तोंडातून पहिला शब्द देवाचा निघाला. पाच पावलं गेलो असेन, डावा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. तो काढायला जोर लावला, तर उजवाही गेला. मी ओरडलो. मडक्यात ओरडल्यावर काय होतं ते मडक्यात ओरडल्याशिवाय कळत नाही. माझ्याच आवाजानं घाबरून मी दोन्ही हात पाण्यावर आपटले.

मग बाहेर शेकडो ओल्या चादरी एकदम झटकल्यासारखा आवाज झाला. तळ्यावरची सगळी पाखरं एकाच वेळी उठली होती. आभाळ झाकलं गेलं, बाया तोंडात बोटं घालून बघत राहिल्या, असं संजीवनी सांगते. महिनाभर जे दृश्य टिपायला मी पहाटे उठत होतो, ते गावात फक्त मला दिसलं नाही.

कुणीतरी माझा घोटा धरला. ना पाण्याचा आवाज, ना चाहूल. एक पाय सुटला, मग दुसरा. मग माझ्या डोक्यावरचं मडकं अर्धं फिरलं आणि दोन भोकांतून धाऊदादाचं तोंड दिसलं.

"गुरुजी, उलटं घातलाव."

त्यानं मला बाहीला धरून काठावर आणलं. गाव पोट धरून हसत होतं. मॅडम मात्र पाण्याकडं पाहत होत्या. मी गेलो तिथं सगळा गाळ ढवळला होता. धाऊदादा गेला आणि आला, तिथं पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. त्यांना जे कळायचं ते कळलं.

त्यांनी त्यालाच विचारलं, "बाबा, किती उडाली?"

"येकवीस इसा आन् सात."

वनरक्षकानं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते थांबवून थांबवून मोजायला त्याला वीस मिनिटं लागली. चारशे एकोणीस आली. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. चारशे चोवीस. मॅडमनी कागदावर चारशे सत्तावीस लिहिलं.

मग माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, हा अर्ज भिजलाय. नवा लिहून द्या. शेवटच्या पानाची गरज नाही."

मी पाहिलं, अर्ज चांगला कोरडा होता. म्हणालो, "नाही मॅडम, भिजलेला नाहीये."

संजीवनीनं मला कोपरानं ढोसलं. अजून दुखतंय.

कुडकुडत काठावर बसून तीन पानं लिहिली. जाताना मॅडम म्हणाल्या, "तळं वाचलं तर इथं पाटी लागेल. त्यानंतर मला आजच्यासारखं करता येणार नाही. यांना नीट समजावून सांगा."

"जरूर, जरूर!" मी म्हणालो. मला आनंद आवरत नव्हता. धाऊदादा पंचा पिळत होता. तो जरासा थांबला आणि पुन्हा पिळायला लागला.

१८ जानेवारी

ताप. गावातली पोरं मला पाहून डोक्यावर घमेलं घालतात.

११ फेब्रुवारी

जिंकलो! भराव रद्द. तळ्याची नोंद पाणपक्ष्यांचं ठिकाण म्हणून झाली. पंचायतीत शाल, नारळ. मी भाषण केलं. संजीवनीनं पदर ओढला तेव्हा थांबलो.

पाटी रंगवायचं काम मी मागून घेतलं. चार फूट बाय तीन फूट पत्रा, निळी जमीन, पांढरी अक्षरं : "भिमीचं तळं. पाणपक्ष्यांचं आश्रयस्थान. येथे शिकार करण्यास सक्त मनाई आहे." सक्त शब्दाखाली लाल रेघ. दोन दिवस खपलो.

धाऊदादाचंही भलं केलंय. मॅडमकडं माझ्या शिफारशीनं त्याला तळ्याचा पक्षीमित्र नेमलं. टोपी मिळेल, शिट्टी मिळेल. वाडीत बातमी द्यायला गेलो तर तो रानात गेला होता. जनीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता पाखरू धराचं नाय?"

"आता कुणालाच नाही. सरकारी पाटी लागणार."

"मंग पोरांच्या भातासंगं?"

मी म्हणालो, "जनीबाई, केवढी मोठी गोष्ट झालीय बघा तुमच्या माणसामुळं." ती सूप उचलून आत गेली. मी अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा तिनं काय विचारलं ते माझ्या डोक्यात शिरलं. परत फिरावंसं वाटलं. फिरलो नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी पाटी लावली. मॅडम नव्हत्या, वनरक्षक टोपी आणि शिट्टी देऊन गेला. मग तळ्यावर मी आणि धाऊदादा दोघेच उरलो.

तो पाटीसमोर उभा राहिला. "वाचा, गुरुजी."

मी वाचायला लागलो. हजारो धडे मोठ्यानं वाचलेला मी लाल रेघेचा शब्द हळूच उरकला.

"अक्षर बेस हाय," तो म्हणाला.

यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "धाऊदादा, गोदामापासून तळं वाचवलं आणि तुमच्याकडून काढून घेतलं. मला आधी कळायला हवं होतं. नाही कळलं."

"तळं हाय ना जाग्याव," तो म्हणाला. "तुमी माज्यापायी गाळात शिरलाव. ते मी इसरत नाय."

मग त्यानं शिट्टी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "हिचं काय कराचं?"

"शिकारी दिसला की वाजवायची. मग मॅडमना फोन करायचा."

"ह्या तळ्याव दुसरा शिकारी कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग मी मलाच दिसलो त?"

मी दुर्बिणीची काच पुसायला घेतली. त्यानंच हसून विषय सोडला, टोपी घातली. ती त्याला कानांपर्यंत आली. मग तो काठावर बसला, पण तळ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून. शिकारी आले तर रस्त्यानंच येणार.

त्याच्या पाठीमागं अडया उतरायला लागल्या. थव्यामागून थवे. मी विसा-विसानं मोजत होतो. आठ विसांपर्यंत नीट गेलो, मग चुकलो, मग पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि पुन्हा चुकलो. शेवटी विचारलं, "धाऊदादा, किती झाल्या?"

"मी नाय बगितल्या," तो म्हणाला.